सूचना : संशोधन समन्वयक प्रशिक्षण, संमतीपत्राचा सराव

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सर्व प्रशिक्षणार्थींसाठी : रविवारच्या सत्रात मुख्यतः औषध चाचणीत सहभागी होणाऱ्यांकडून घ्यायच्या संमतीपत्राचा सराव होईल. जीसीपीची (चाचण्या नीट पार पाडण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची) उजळणी घरूनच करून या.

अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्यांनी आवर्जून यावे. तुमची खरी गरज आहे. छापील मराठी वाचून दाखवली की माणूस मान डोलावतो, पण चाचणीच्या कोणत्या गटात आपण जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, एवढेही त्याला उमगलेले नसते. म्हणून त्याच्याच तोंडून परत वदवून घ्या. लेखी भाषांतर वापरायचे तर आधी नैतिकता समितीची मंजुरी हवी. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार पहिल्या वाक्यापासून हजर पाहिजे. सहीपुरता हाक मारून आणलेला वॉर्डबॉय चालत नाही. तपासणीसाठीचे रक्त संमतीआधी काढलेले निघाले, तर ऑडिटर पहिले तेच पकडतो.

नोंदींसाठी व्हाइटनर आणूच नका. चूक एका रेघेने खोडा, खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी आद्याक्षरे आणि खोडल्या दिवसाचीच तारीख.

गंभीर प्रतिकूल घटना (सहभागीचा मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे अशी) २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे संशोधकाने २४ तासांत कळवायची असते. लग्नसराई असो की पोळा, फोन चालू ठेवा.

नंदुरबारकरांनी सहभागींच्या फेरतपासणीच्या तारखा ते ऊसतोडीला जाण्याआधी त्यांच्या घरच्यांशी बोलून ठरवाव्यात.