कॉम्प्लेक्स होऊ दे, पण आधी आपली गल्ली मोजू या! मदतीचं आवाहन

मंडळी, नमस्कार. वस्तीच्या मधोमध जो मोठा कमर्शियल कॉम्प्लेक्स येतोय त्यावरून बरीच कुजबुज चालूये, म्हणून समितीचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॉम्प्लेक्सला आमचा विरोध नाहीये. दुकानं हवीत, लिफ्ट हवी, स्वच्छ टॉयलेट तर हवंच हवं. भांडण एवढंच आहे की सध्याच्या ड्रॉइंगमध्ये आजूबाजूची जुनी घरं म्हणजे नुसते रिकामे चौकोन आहेत, भिंत किती जाड, पाया किती खोल, कुठली भिंत दोन घरांत सामाईक, कशाचा पत्ता नाही. शेजारी काय उभं आहे हेच ज्याने बघितलं नाही तो शेजार सांभाळणार कसा?

त्यामुळे हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत आपला आपण मोजणी नकाशा करायचा असं ठरलंय, आणि हे काम समितीतल्या चार जणांच्या आवाक्यातलं नाही.

सगळ्यात जास्त काळजी बेसमेंटची आहे. पार्किंगसाठी दोन मजले खाली जाणार म्हणे. आपल्या घरांचे पाये उथळ, दगड आणि चुन्याचे. शेजारी खोल खड्डा काढून पंपाने पाणी उपसायला लागले की जमिनीतल्या पाण्याची पातळी उतरते, माती दबते आणि घर एका अंगाला खचायला लागतं. उगाच घाबरवत नाहीये. जर्मनीत कोलोनला ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या खोदकामाशेजारची शहराच्या अभिलेखागाराची (जुनी कागदपत्रं जपून ठेवायच्या जागेची) अख्खी बिल्डिंग कोसळली, दोघांचा जीव गेला, आणि ती १९७१ सालची बिल्डिंग होती हो, आपली घरं तर त्याच्या कितीतरी आधीची!

म्हणून खोदकामाआधी लागून असलेल्या प्रत्येक घरातल्या भेगा नोंदवायच्यात. पद्धत सोपी आहे, भेगेवर आडवी पातळ काचपट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची, तारीख लिहायची, फोटो काढायचा. भिंत हलली की काच तडकते. मग "ही भेग जुनीच आहे" असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

दुसरं, रस्त्याकडची बाजू. आत्ता दर चार पावलांवर नवं दार लागतं, पायरी लागते, कोणीतरी बसलेलं असतं. तिथे एकच लांबलचक काचेची भिंत आणि एकच गेट आलं की गिऱ्हाईक गाडी घेऊन खाली जाणार, लिफ्टने वर जाणार आणि तसंच घरी जाणार, बाहेरच्या दुकानदाराने काय करायचं? बिल्डिंग मोठी करा पण तिचे भाग पाडा, खालची दुकानं रस्त्याकडे उघडू द्या, मधली बोळ आरपार राहू द्या आणि रात्री तिला कुलूप नको, वरचे मजले थोडे मागे घ्या, माल उतरवायला जागा स्वतःच्या आवारात ठेवा, आणि एसीची गरम हवा कोणाच्या खिडकीत सोडू नका. आणि प्लीज, फायबरच्या कमानी चिकटवून "हेरिटेज लुक" देऊ नका! नवीन बिल्डिंग नवीन दिसली तर काही बिघडत नाही, १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्येसुद्धा (जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय सनदेत) जुन्या वास्तूत घातलेली भर वेगळी ओळखू यावी असंच म्हटलंय.

हे जमतं का? बार्सिलोनात जमलं. सांता कातेरिना मार्केटच्या जुन्या बाहेरच्या भिंती ठेवून वर रंगीत लाटांसारखं छप्पर घातलं, खाली सापडलेले जुन्या मठाचे अवशेष तिथेच बघायला ठेवले, २००५ ला मार्केट सुरू झालं. उलट पॅरिसला ले आल या जुन्या बाजाराचे लोखंडी मंडप १९७१ पासून पाडले, १९७९ ला जमिनीखाली शॉपिंग सेंटर केलं, ते लोकांना फारसं रुचलं नाही, शेवटी परत खर्च करून २०१६ ला नवं छप्पर आलं. आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये पाडापाडीचा प्लॅन रहिवाशांनीच अडवला, १९८० ला जुन्या बाजाराच्याच इमारतीत दुकानं सुरू झाली.

तर आता मदतीचं. टेप किंवा लेझर मीटर घेऊन फिरायला माणसं हवीत, आर्किटेक्चरची पोरं आली तर फारच छान. एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा जो रिपोर्टवर सही करेल, नुसता तोंडी सल्ला नको. घरातले जुने फोटो, जुने नकाशे शोधा, फोटोत मागे गल्ली दिसत असेल तरी चालेल, ओरिजिनल आम्ही ठेवून घेणार नाही. पैसे लागणार आहेत ते इंजिनिअरची फी, प्रिंट आणि पुठ्ठ्याचं मॉडेल यासाठी. मॉडेल कशाला असं काही जण विचारतायत, तर सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे बिल्डिंग उभी कापल्यासारखं दाखवणारं चित्र, आपल्यातल्या निम्म्यांना कळत नाही, मॉडेलवर टॉर्च मारला की कोणाच्या अंगणात सावली पडणार ते पोरांनाही दिसतं.

रक्कम कितीही चालेल, फक्त समितीच्या खात्यात भरा आणि पावती घ्या, रोख कोणाच्या हातात देऊ नका. त्या प्लॉटमध्ये ज्यांचा धंद्याचा संबंध आहे त्यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही असं ठरलंय, वाईट वाटून घेऊ नका. हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागेल.

ज्यांची भिंत प्लॉटला लागून आहे त्यांनी आधी नावं द्या, काचपट्ट्या तिथूनच लावायला घेतोय, आणि घर बंद करून गावाला जाणार असाल तर किल्ली शेजारी ठेवून जा.