आयर्लंडचे सगळे दप्तर जळालेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आयर्लंडवरचा प्रवासलेख आवडीने वाचला. त्यातल्या एका विधानाला मात्र उत्तर द्यावेसे वाटते. १९२२ च्या आगीत तिथली सगळी जुनी कागदपत्रे गेली, त्यामुळे गावांतल्या जुन्या इमारतींत कोण राहत होते हे आता कळणे शक्य नाही, असे लेखकाने लिहिले आहे. मी मूळची चिपळूणची. नर्सच्या नोकरीमुळे क्लेअर परगण्यातल्या एनिस गावी राहते. पार्नेल स्ट्रीटवर खाली दुकान आणि वर आमचे बिऱ्हाड अशी जुनी तीन मजली इमारत आहे. तिच्यात कोण कोण राहून गेले याचा माग मी १८५५ पर्यंत काढला आहे, तोही सरकारी कागदांवरूनच.

आग लागली हे खरेच आहे. यादवी युद्धात, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना उद्ध्वस्त झाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग आणि मृत्युपत्रांचे ढीग त्यात गेले. पण १८६१ ते १८९१ या चार जनगणनांचा दोष आगीवर टाकू नये. ते कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते, शेवटच्या दोन जनगणनांचे तर पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी. मला आगीपेक्षा याचा संताप जास्त येतो.

जे दुसऱ्या कचेऱ्यांत होते ते वाचले. त्यात सर्वांत उपयोगी पडली ती घरपट्टीची दप्तरे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशभरातल्या घराघराची आकारणी झाली. क्लेअरची यादी १८५५ ची आहे. घरात राहणारा कोण, तो भाडे कोणाला देतो, घरामागे पडवी आणि अंगण आहे का, वर्षाची आकारणी किती, एवढे एका ओळीत मिळते. भाडे घेणारा म्हणजे मालकच असेल असे नाही. बऱ्याचदा त्यानेही ती जागा लांब मुदतीच्या पट्ट्याने दुसऱ्याकडून घेतलेली असते. लोक घाईने त्याला मालक ठरवतात आणि तिथून पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

या यादीनंतरच्या दुरुस्तीच्या वह्या माझ्या सर्वांत आवडत्या. बिऱ्हाड बदलले की अधिकारी जुने नाव खोडून वर नवे लिही आणि बाजूला साल टाकी. प्रत्येक फेरीची शाई वेगळी, म्हणजे हिरव्या शाईतले नाव हिरव्या शाईतल्या सालाचे. आमच्या इमारतीच्या ओळीवर एवढ्या रंगांची खाडाखोड आहे की आधी काही उमगत नाही. मग एकेक रंग धरून वाचत गेले की माणसे क्रमाने येतात आणि क्रमाने जातात. एवढे ध्यानात ठेवावे लागते की नोंद उशिरा होई. वहीतले साल हे माणूस आल्याचे नव्हे, अधिकाऱ्याला ते कळल्याचे.

खरी मेहनत आपलीच इमारत ओळखण्यात आहे. १८५५ मध्ये आमच्या रस्त्याचे नाव मिल स्ट्रीट होते. त्या यादीतला आकडा नकाशावरचा, जनगणनेतला आकडा मोजणी करणाऱ्याचा, आणि दारावरचा आकडा तिसराच. म्हणून न बदललेली एखादी जागा धरायची आणि तिथून दारे मोजत यायचे. मी कोपऱ्यावरचा पब धरला.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनांची मूळ पाने राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. घराची माहिती पोलीस शिपाई भरत असे: भिंती कशाच्या, छप्पर गवताचे की स्लेटचे, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती. १९११ साली आमच्या इमारतीला सात खिडक्या होत्या. वरच्या दोन मजल्यांवरच्या सहा आजही आहेत. सातवीच्या जागी दुकानाची मोठी काच आली. तेव्हा इथे जोडे शिवणारा कारागीर कुटुंबासह राहत होता. त्या वर्षी विवाहित बायकांना झालेली मुले आणि हयात मुले विचारली होती. त्याच्या बायकोपुढे नऊ आणि सहा असे आकडे आहेत. मी नर्स आहे. त्या दोन आकड्यांमधली तीन मुले मला कागदावर सोडून पुढे जाता येत नाहीत.

मालकीच्या मोठ्या व्यवहारांसाठी डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवरचे दस्त नोंदणी कार्यालय आहे, १७०८ पासूनचे. जमिनी कॅथलिकांच्या हाती जाऊ नयेत हा ते काढण्यामागचा एक हेतू होता, हे तिथल्या जाडजूड वह्या चाळताना विसरू नये. एकवीस वर्षांच्या आतले भाडेपट्टे तिथे नोंदवावे लागत नसत. म्हणजे साधा भाडेकरू तिथे सापडायचा नाही.

त्याच रस्त्यावरची १४ क्रमांकाची इमारत लेखकाने पाहायला हवी होती. १७४० च्या दशकाच्या अखेरीस ती उमरावांसाठी बांधली गेली. १८७७ मध्ये थॉमस व्हॅन्स या घरमालकाने तिच्यात १९ बिऱ्हाडे पाडली, आणि १९११ मध्ये तिथे सुमारे शंभर माणसे राहत होती. २०१८ पासून तिथे संग्रहालय आहे आणि त्यात उमरावांइतकीच त्या शंभर जणांचीही कहाणी सांगितली जाते. आगीनंतर काहीच उरले नसते तर हे कसे उभे राहिले असते?

कृपया पुरवणीत याची दुरुस्ती छापावी. आयर्लंडमध्ये आता मराठी घरे बरीच आहेत, त्यातली काही अशाच जुन्या इमारतींत भाड्याने राहतात. कुणाला आपल्या घराचा शोध घ्यायचा असेल तर १९११ च्या जनगणनेपासून सुरुवात करावी आणि तिथून मागे जावे. आपल्या कार्यालयामार्फत पत्र आले तर जमेल तेवढी मदत मी नक्की करीन.

आपली नम्र,
एक वाचक, एनिस, आयर्लंड