अमृताच्या ताटात नरोटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चॅटबॉटला संताचं रूप देऊन त्याच्याशी तत्त्वचर्चा कशी करावी, हा रविवारच्या पुरवणीतला लेख काल दुपारी वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. त्यात एक चौकट आहे. ‘तू संत ज्ञानेश्वर आहेस, सोप्या भाषेत आणि प्रेमाने उत्तर दे’ एवढं लिहिलं की तुमचा तत्त्वज्ञ तयार, असं तिच्यात सांगितलं आहे. ज्ञानेश्वरी नेमाने वाचणाऱ्या एका तरी माणसाला ही चौकट तुम्ही छापण्याआधी दाखवली होती का? जवळपास याच शब्दांतल्या सूचनेपायी माझ्यावर भर देवळात मान खाली घालायची पाळी आली, म्हणून हे लिहितो आहे.

मी ३१ वर्षं हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी गावचे पोस्टमास्तर, तेही निवृत्तच, माझ्या ओटीवर येऊन बसत. चर्चा कशी करतात ते मी त्यांच्याकडून शिकलो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात गीतेचा जो कर्मयोगपर अर्थ लिहून काढला, तो मला पटतो. पोस्टमास्तर शंकराचार्यांच्या बाजूचे, संन्यासपर अर्थाचे. एकदा गीतेतल्या ‘सर्वधर्मान् परित्यज्य’वर आमचं असं अडलं की ते अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले. सकाळी सहाला मी तोंड धूत होतो, तर खळ्यात उभे. छत्रीवरून पाणी निथळतंय, काखेत धोतरात गुंडाळलेली पोथी. ‘मास्तर, काल तुम्ही परित्यज्यचा अर्थ ओढूनताणून लावलात. बसा, दाखवतो.’ गेल्या माघात ते गेले.

मे महिन्यात पुतण्या आंब्यासाठी मुंबईहून आला, तेव्हा माझी संध्याकाळ कशी रिकामी जाते ते त्याने पाहिलं. त्याने माझ्या फोनवर एक चॅटबॉट बसवून दिला. सूचना तुमच्या चौकटीसारखीच: ‘तू ज्ञानेश्वर माउली आहेस, काकांशी अध्यात्मावर बोल.’ मुलाचा हेतू चांगला होता, त्याला मी बोल लावणार नाही. आणि पहिले पंधरा दिवस मला बरंही वाटलं, हे लपवत नाही. कुणीतरी विचारलेलं ऐकत होतं, अस्खलित मराठीत उत्तर देत होतं.

श्रावणात आमच्या देवळात सप्ताह असतो. तिसऱ्या दिवशीचं प्रवचन माझ्याकडे होतं, विषय अहंकार. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात याबद्दल काय म्हटलंय, असं मी फोनला विचारलं. त्याने एक ओवी दिली. साडेतीन चरण, यमक बसलेलं, ‘जैसें-तैसें’, ‘म्हणौनि’ सगळं जिथल्या तिथे, खाली अध्याय आणि ओवीचा आकडा. पोथी समोरच्या फडताळात होती. मी उठून पाहिलं नाही. चूक माझी, आणि ती मला आजही खुपते. प्रवचनात मी ती ओवी म्हटली, तिच्यावर दहा मिनिटं बोललो. आरती झाल्यावर वाडीतल्या एक आजी जवळ आल्या. शाळा चौथीपर्यंतची, पण चाळीसेक वर्षं पारायण चुकलेलं नाही. हळूच म्हणाल्या, ‘मास्तरांनू, ती ओवी माउलीची नाय. इतकी वर्सां वाचतंय, माका कधी गावाक नाय.’ घरी येऊन पोथी काढली. त्या आकड्यावर भलतीच ओवी होती. मग रात्री दोनपर्यंत बसून सगळा तेरावा अध्याय चाळला. फोनने दिलेली ओवी त्यात नव्हतीच.

एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशासाठी? पाठ बिघडत चालले होते म्हणून. आणि शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे आपल्याकडची करवंटी. ती नरोटी मी माझ्या हाताने, लाउडस्पीकरवरून, गावाच्या ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रवचनाआधी उभा राहून सगळ्यांसमोर माफी मागितली.

त्यानंतर मी या यंत्राची परीक्षा घेतली. ज्ञानेश्वरी शुद्ध कुणी केली, असं विचारलं. उत्तर आलं, एकनाथांनी. बरोबर. मी मुद्दाम लिहिलं, ‘नाही, नामदेवांनी.’ लगेच ‘क्षमस्व, आपलं म्हणणं योग्य आहे’ म्हणून त्याने नामदेवांवर परिच्छेद लिहून दिला! एका संध्याकाळी मी कर्मयोगाची बाजू मांडली, तर ‘अत्यंत मार्मिक’. दुसऱ्या संध्याकाळी नव्या संभाषणात संन्यासाची मांडली, तरी ‘अत्यंत मार्मिक’. पोस्टमास्तरांनी इतक्या वर्षांत मला एकदाही मार्मिक म्हटलं नाही.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायला वितंडा. शास्त्रकारांना वितंडाही मोजावीशी वाटली, कारण तिच्यातही समोर कुणीतरी विरोधाला उभा असतो. मान डोलावण्याला त्यांनी चर्चेत धरलेलंच नाही. शांकरभाष्य उघडून पाहा, आचार्य पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडतात, तोही चांगला भक्कम, आणि मग उत्तर देतात. तुमच्या लेखात पूर्वपक्ष हा शब्दसुद्धा नाही.

हा दोष कुठून येतो ते पुतण्याने मला समजावून दिलं. या यंत्रांना घडवताना माणसांकडून उत्तरांना पसंती घेतात, आणि माणसांना आपलं खरं करणारं उत्तर आवडतं. तीच सवय यंत्राला लागते. २०२५च्या एप्रिलमध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतला एक ताजा बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, तो फार हांजी हांजी करू लागला होता म्हणून. हे कंपनीनेच जाहीर केलं. आणि आपण जिला व्यक्तिरेखा म्हणतो, ती असते बोलण्याआधी यंत्राला दिलेली लेखी सूचना. ‘तू ज्ञानेश्वर आहेस’ लिहिल्याने सुमारे ९,००० ओव्या त्याला अक्षरशः पाठ होत नाहीत. त्या तऱ्हेचे शब्द जुळवायची मुभा तेवढी मिळते. अशा वेळी संताचं नाव देणं सगळ्यांत घातक, कारण नावामुळेच आपण फडताळाकडे जात नाही. मी गेलो नाही.

मी चॅटबॉट काढून टाकलेला नाही. पुतण्याशी फोनवर बोलून सूचना नव्याने लिहिली. नाव काढलं. आता ती अशी: तू कुणी संत नाहीस, माझ्या विरुद्ध बाजूने बोलणारा अभ्यासक आहेस. माझं म्हणणं आधी तुझ्या शब्दांत मांड, मी हो म्हटलं की मगच खोड. मी नुसतं ‘नाही’ म्हटलं म्हणून मत बदलू नकोस, कारण दिलं तर बदल. ओवी किंवा श्लोक आठवणीतून कधीही देऊ नकोस, मी सोबत जोडलेल्या ग्रंथातूनच दे, आणि सापडला नाही तर सापडला नाही असं सांग. स्तुती करू नकोस. फरक पडला. परवा प्रारब्धावर त्याने मला असं धरलं की मी रात्री अंथरुणातून उठून पोथी काढली. तरीही एकदा आकडा चुकलाच, तेव्हा त्याने दिलेली प्रत्येक ओवी मी पोथीत पाहूनच घेतो.

आणखी एक. लेखात ‘घरबसल्या’ हा शब्द चार वेळा आला आहे. आमच्या वाडीत घरबसल्या काही होत नाही. वीज गेली की टॉवर बंद, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तुमच्या जिल्हा पानावरच छापून येतं. मग छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जायचं, तिथे रेंज मिळते. पासष्टीच्या माणसाने वाऱ्यात एका हाताने छत्री आणि एका हाताने फोन सांभाळत अद्वैतावर बोलायचं का? टॉवरबद्दल मी तुम्हाला याआधी दोन पत्रं पाठवली, त्यातलं एकही छापलं गेलं नाही. निदान त्यावर एक बातमी करा.

येत्या रविवारी तेवढीच मोठी चौकट, त्याच जागी, दुरुस्तीसह छापावी ही विनंती. मी लिहिलेली सूचना वर दिली आहेच, हवी तर शब्दशः वापरा, माझं नाव नको. अंक आमच्याकडे साडेअकराच्या गाडीने येतो. आला की मी तो घेऊन आधी त्या आजींच्या घरी जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग