तोंडाळ पोरीची गाठ

प्रिय वैजू,

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. एवढी खपून लिहिलेली गोष्ट, आणि तू एका ओळीत निकाल लावलास: "तुझी लाल टोपीवाली हट्टी नाही गं, नुसती तोंडाळ आहे." दोन दिवस धुसफुसले, मग पुन्हा वाचली. खरंच की! कार्टी आईला उलटून बोलते, लांडग्याला टोमणे मारते आणि शिकारी येईस्तोवर त्याच्या पोटात गप बसून राहते.

मग लाल टोपीवालीच्या जुन्या गोष्टी धुंडाळल्या. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही गोष्ट छापली, त्यात लांडगा तिला खातो आणि संपलं; वर पद्यातून उपदेश. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकातला. म्हणजे एकाने मारली, दुसऱ्यांनी वाचवली, पण तिच्या हाताला काही कामच नाही. (ग्रिमच्या गोष्टीला एक शेपूट आहे. दुसरा लांडगा येतो, तेव्हा आजी आणि नात मिळून त्याला घरापुढच्या दगडी डोणीत बुडवतात. ते का कोण जाणे, सगळे गाळतात.)

घबाड मिळालं ते फ्रान्सच्या खेड्यांतल्या तोंडी गोष्टीत. तिथे लाल टोपी नाही की शिकारी नाही. लांडगा वाटेत विचारतो, "सुयांच्या वाटेने जातेस की टाचण्यांच्या?" ही सुया वेचत रमते आणि तो पुढे जाऊन आजीच्या पांघरुणात शिरतो. हिला शंका येते. आता हिचा हट्ट बघ हं:

"आजी, मला परसाकडे जायचंय."

"इथेच कर, पलंगावर."

"छे! मी बाहेरच जाणार."

शेवटी तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो. अंगणात जाऊन ती दोरा प्लमच्या झाडाला बांधते आणि पळत सुटते. परसाकडचं निमित्त करून सुटणारी नायिका! मी तर फिदाच झाले.

काल रात्री दिवा मालवून स्वतःच्या घोट्याला लोकर बांधून घेतली आणि सोडवायला बसले. लोकर ताणली की गाठ आवळून बसते, नख शिरत नाही. आधी पाय आखडून दोरा सैल करावा लागतो, तेही आतल्याला न कळता. आणि सोडून खोडाला बांधला तर? लांडग्याने हिसका दिला की खोड ढिम्म हलणार नाही, लगेच कळेल त्याला. म्हणून माझ्या गोष्टीत ती दोरा बारक्या फांदीला बांधते. ओढलं की फांदी वाकते, सोडलं की मागे जाते. लांडग्याला वाटतं, पोरगी पाय झाडतेय.

एकाच जागी अडलेय. तो आतून ओरडतो, "झालं का गं?" तिथे माझ्या तोंडाळ पोरीने चकार शब्द काढायचा नाहीये. आणि मी आतापर्यंत तीनदा तिच्या तोंडी झकास उत्तर घातलं, तीनदा खोडलं. तिसरं तर इतकं फर्मास होतं की खोडताना जिवावर आलं. नवा खर्डा सोबत धाडतेय. चौथं उत्तर कुठे घुसलेलं दिसलं तर तूच काट मार, मला विचारू नकोस.

तुझीच,
नंदा