तुझा रेशिओ आणि माझा रेशिओ

प्रिय वकीलसाहेब उर्फ बंड्या,

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालास ना, की जजमेंट ऐंशी पानांचं आहे पण रेशिओ दोनच पॅऱ्यांत आहे, तेव्हा मी हो हो केलं खरं, पण मला वाटलं तू किती पानं कामाची आणि किती फुकटची त्याचा हिशोब सांगतोयस. आपल्याला रेशिओ एकच माहीत रे, सिमेंट वाळू खडी, एक-दीड-तीनचा माल, संपलं.

तेवढ्यात परवा पुतणी नववीचं गणित घेऊन आली. सेमीला आहे, म्हणून तिला दोन्हीकडचे शब्द. म्हणे, काका, रॅशनल म्हणजे समंजस ना, मग रूट टू इर्रॅशनल म्हणजे तो काय डोक्यावर पडलाय का? मला उत्तर देता येईना, मग रात्री डिक्शनऱ्या उघडून बसलो आणि एक वाजला.

तर ऐक. लॅटिनमध्ये रेरी म्हणजे मोजणं, आणि मानणं पण. आपण नाही का म्हणत, मी त्याला जमेत धरत नाही, तसंच काहीसं. त्यावरून रातिओ, म्हणजे आधी हिशोब, मग हिशोबीपणे केलेला विचार, मग कारण. तोच शब्द फ्रेंचमधून फिरून रीझन झाला, आणि सैनिकांना मोजून द्यायचा शिधा तो रॅशन, तेच आपलं रेशन. भाजीचा रेट पण याच खानदानातला. म्हणजे तुमच्या कोर्टातला रेशिओ डेसिडेन्डी, निकालामागचं कारण, हा जुना अर्थ आणि माझ्या साइटवरचा नवा. इंग्रजी गणितात रेशिओ साधारण 1660 च्या सुमारास दिसतो, पण संख्येला रॅशनल 1570 पासून म्हणतात. पोरगी आधी जन्मली आणि बाप नंतर!

आता रूट टूचं. ग्रीकमध्ये लोगोस म्हणजे शब्द, तर्क आणि दोन मापांमधलं नातं, तिन्ही. बाजू एक असलेल्या चौरसाचा कर्ण, म्हणजेच रूट टू, काही केल्या पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता येत नाही, म्हणून तो अलोगोस, शब्दाबाहेरचा, मुका म्हण. अरबांनी त्याला असम्म म्हटलं, म्हणजे बहिरा. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने अरबी पुस्तकं लॅटिनमध्ये नेली तेव्हा त्याने पण सुर्दुस लिहिलं, बहिरा, आणि त्याचं झालं इंग्रजीतलं सर्ड, म्हणजे रूट टूसारखी न सुटणारी मुळं. म्हणजे वेडा कोणीच नाही, मुक्याचा बहिरा झाला एवढंच.

आणि सर्डला आपल्या पुस्तकात काय म्हणतात, तर करणी! हे वाचून आई दचकलीच, तिला लिंबू-मिरची आठवली. पण शब्द शुल्बसूत्रांतला आहे, यज्ञाच्या वेदी मोजायच्या दोऱ्यांचं शास्त्र. द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी बाजू. अगदी साइटवरचा शब्द वाटतो, लाइनदोरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ठेवलेला. मला फार आवडला. उलट रेशिओला पुस्तकात गुणोत्तर म्हणतात, तो मात्र मला कधीच आवडला नाही, आजवर एका मिस्त्रीच्या तोंडून ऐकला असेल तर शपथ.

आपण बोलतो ते प्रमाण. आणि खरी गंमत इथेच आहे बघ, आमटीत मिठाचं प्रमाण आणि बाबा वाक्यं प्रमाणम् यातलं प्रमाण, एकच शब्द. मूळ धातू मा, मोजणं. परिमेय, अपरिमेय, म्हणजे पुस्तकातले रॅशनल, इर्रॅशनल, त्याच्यातलेच, म्हणजे आपल्याकडे रूट टूच्या डोक्यावर कोणी संशय घेतलाच नाही, फक्त मोजता येत नाही म्हटलं. न्यायशास्त्रात, तुमच्या कोर्टातलं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र, प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवायचं साधन, म्हणून तर प्रमाणपत्र. रोमनांनी हिशोब आणि कारण एका शब्दात बसवलं, आपल्याकडे माप आणि पुरावा, आणि एकमेकांकडून घेतला असंही नाही, शब्द पूर्ण वेगळे.

पुतणीला हे सगळं सांगायला गेलो तर ती झोपली होती, म्हणून तुला लिहितोय, भोग आता. ते दोन पॅरे व्हॉट्सअॅपवर टाक, खरंच वाचायचेत. आणि शनिवारी स्लॅब आहे, कोर्टाला सुट्टी असेल तर ये, चहा वडापाव माझ्याकडून.

तुझाच,
ठेकेदार