माहे हात कुठं गेले?

नागपूर,
१६ नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुमचा सगळ्यात आवडता फोटो कोणता?" मी "सांगतो" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. त्या रात्री कपाटावरचे बुटांचे खोके काढून बसलो. तीस वर्षांच्या प्रिंट आणि निगेटिव्ह आहेत त्यात. उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून राहिलो.

आधी माझ्याकडे नसलेल्या फोटोबद्दल. १९९५ चा दसरा. सीताबर्डीवरून सेकंडहँड यशिका कॅमेरा घेऊन मला दोनच महिने झाले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दसऱ्याला किती दूरदूरची माणसं येतात ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. डोक्यावर वळकटी, अंगावर पांढरे कपडे, आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं. एका झाडाखाली एक आजोबा नातीला नवं पुस्तक वाचायला लावून बसले होते. ती अडखळत वाचत होती आणि ते तिच्या बोटाकडे बघत होते, ते पुढच्या ओळीवर कधी सरकतं याची वाट बघत. मी सात-आठ फोटो काढले. मग दिवसभर काढतच राहिलो. काउंटर छत्तीसच्या पुढे गेला, अडतीस झाले, तरी लिव्हर फिरतोच आहे. तेव्हा पोटात गोळा आला. रोलची जीभ स्पूलमध्ये अडकलीच नव्हती. फिल्म डबीतून बाहेरच पडली नव्हती.

तेव्हापासून रोल घातला की रिवाइंडचा नॉब फिरतो की नाही हे बघितल्याशिवाय मी पहिला फोटो काढला नाही. तुझ्या कॅमेऱ्यात रोल नाही, पण कार्ड नसतानाही शटर पडू देणारी सेटिंग बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ती आजच बंद करून टाक. त्या आजोबांना मी पुढची कितीतरी वर्षं शोधलं. मुलगी आता तुझ्याहून मोठी असेल.

दुसरी गोष्ट मी तिथेच शिकलो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं जग करडं धरून चालतं. पांढऱ्या कपड्यांची गर्दी दिसली की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि ते सगळं मळकं करून टाकतं. तिथे उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा लागतो, कधी दीड. मारबतीला बरोबर उलटं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्लीत काळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारा तो मोठा पुतळा, आली की अख्खी चौकट काळी होते, मीटर घाबरून उजेड वाढवतं आणि ती राखाडी दिसायला लागते. एक स्टॉप कमी कर, मग ती काळी राहते. माझ्या त्या फोटोत एक बाई गॅलरीतून तान्ह्या पोराचा हात धरून मारबतीकडे करते आहे. खालून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" चा इतका गलका होता, की माझं शटर पडलं की नाही ते मलाच ऐकू आलं नाही. हा फोटो मला फार आवडतो. पण तू विचारलेला तो नाही.

तो कळमन्याच्या फळबाजारातला आहे.

आंबिया बहाराची संत्री या दिवसांत बाजारात उतरतात. मी पहाटे साडेपाचला पोचलो. ट्रकमधून माल खाली ओतलेला, आणि ढिगांभोवती बाया बसून आकार पाहून फळं वेगळी करून राहिलेल्या. साडेसहाच्या पुढे ऊन तिरपं आत आलं आणि ढिगावरून वर उसळलं. एका म्हाताऱ्या आईच्या हनुवटीखाली, गालाच्या सुरकुत्यांत संत्र्यांचा रंग चढला. डिजिटल कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स हा रंग चूक समजून पुसून टाकतं. मी ते उन्हावर पक्कं करून ठेवलं आणि लांब लेन्सने फक्त चेहरा घेतला. घरी येऊन बघितलं तर वाटलं, आयुष्यात याहून चांगलं काही जमलेलं नाही.

आठ दिवसांनी पाच बाय सातची प्रिंट घेऊन गेलो. तिने लुगड्याला हात पुसले, प्रिंट उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "चेहरा तं माहाच आहे. पन माहे हात कुठं गेले बा?"

मनू, मी तेव्हा पहिल्यांदा तिचे हात पाहिले. दोन वेळा तिथे जाऊनही आधी पाहिले नव्हते. सालीचं तेल बोटांच्या भेगांत मुरून नखं पिवळी झालेली. ती फळाकडे बघतच नव्हती. मूठ वळली की आकार कळायचा आणि फळ आपल्या ढिगात पडायचं. शेजारणीशी लेकीच्या बाळंतपणाचं बोलणं चालू आणि हात आपले चालू. सकाळभर काम करणारे तेच होते आणि मी त्यांना चौकटीबाहेर ठेवलं होतं.

मी पस्तीसची रुंद लेन्स लावली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. पॅन्ट रसाने चिकट झाली. शटर सेकंदाच्या एक साठांशावर आणलं, म्हणजे ती बोलताना थांबली की चेहरा स्थिर येईल आणि हात थोडे हललेले येतील. चाळीसेक फोटोंमधला एक जमला. त्यात उजवा हात पुसट आहे, त्यातून सुटलेलं संत्रं हवेत आहे, आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता शेजारणीकडे बघून हसते आहे. ती प्रिंट नेऊन दिली तेव्हा ती म्हणाली, "हां, आता बरोबर," आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली. पहिलीही तिने परत दिली नाही.

मला तो फोटो आवडतो कारण तो तिने दुरुस्त केलेला आहे. प्रिंट नेऊन दिली नसती तर मी अजून त्या चेहऱ्यावरच खूश असतो.

तू मागच्या महिन्यात तुझ्या ऑफिसखालच्या चहावाल्या काकांचा फोटो पाठवलास. वाफेच्या मागे त्यांचे डोळे फार छान आले आहेत. तो त्यांना दिलास का? फोनवर दाखवणं वेगळं. कागदावर काढून दे, आणि देताना दोन मिनिटं तिथे उभी राहा. ते काय म्हणाले ते मला कळव.

सोबत कळमन्याच्या त्या म्हाताऱ्या आईच्या हातांची प्रिंट पाठवतो आहे. मागे तारीख पेन्सिलीने लिहिली आहे. तूही पेन्सिलच वापर, पेनाची शाई गठ्ठ्यातल्या दुसऱ्या फोटोला लागते. तुझी आई संत्र्यांची पेटी पाठवायची म्हणते आहे. पत्ता बदलला असेल तर तिला सांग.

तुझा
बाबा