कोपीवरच्या मुलांना खेळूही द्या

महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबे पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. मुलांच्या बुडालेल्या शाळेची चर्चा दरवर्षी होते, खेळाची मात्र कुणी करत नाही. आई-बाप पहाटे उसाच्या फडात गेले की आठ-नऊ वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेऊन कोपी, म्हणजे तळावरची झोपडी, सांभाळते. आमच्या गावाजवळच्या तळावर अशाच एका मुलीने उसाच्या कांड्यांचे बैल आणि चिपाडाची गाडी केली होती. तिच्या खेळातला 'मुकादम' (मजूर आणणारा ठेकेदार) वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या मोजत उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब मांडत होता, दम देत! बेरीज-वजाबाकी त्यात होतीच, आणि घरातली धास्तीही. तिला पहिल्याच दिवशी पाटी देऊन गप्प कशाला बसवायचे?

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच मुलांमागे गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शाळांना मैदान व खेळसाहित्य बंधनकारक आहे. मग कारखान्यांनी तळाशेजारी थोडी सावली, दोऱ्या, चेंडू, माती आणि खेळात रमणारी एखादी ताई द्यायला काय हरकत आहे? फक्त हे अकरा ते पाच नको. फड पहाटे सुरू होतो, तेव्हापासून हवे.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली